विमान त्यांचे, जमीन आमची

यंदा जूनमध्ये शाळा उघडून आठवडाही झाला नव्हता. प्रवेशाची गर्दी, पुस्तकांचे गठ्ठे, गळक्या वर्गाची तक्रार अशा धांदलीत एक पालक माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. आमचे गाव बिलोली तालुक्यातले. येसगीचा पूल ओलांडून मांजरा पार केली की तेलंगण. इथली मुले घरात मराठी बोलतात, बाजारात तेलुगू, आणि पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला की त्यांच्या वडिलांना पुण्या-मुंबईच्या आधी हैदराबाद आठवते. या गृहस्थांनाही हैदराबादच आठवले होते. मुलगा आमच्याच शाळेतला, बारावी सायन्स चांगल्या गुणांनी पास झालेला. हातात एक गुळगुळीत, रंगीत पुस्तिका. तिच्यावर निळे आभाळ, पांढरे विमान आणि खांद्यावर सोनेरी पट्ट्या मिरवणारा एक देखणा तरुण.

“गुरुजी, तुमीच सांगा आता,” ते म्हणाले. “पोरगं पायलट व्हतो म्हणून हटून बसलंय. चार एकर हाय. त्यातली तीन इकून टाकावं म्हणतो. देशाला तीस हजार पायलट पायजेत म्हणं.”

मी पुस्तिका चाळली. तीस हजारांचा आकडा होता खरा, ठळक अक्षरांत. होकार अगदी ओठांवर आला होता, पण दिला नाही. कारण पंधरा वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन दुसरे एक वडील माझ्यासमोर बसले होते. तेव्हा मी साधा शिक्षक होतो, पण उत्साह मोठा होता. मी छाती फुगवून सांगितले होते, “विका. पोरगा जमिनीच्या दसपट कमावील.” त्या उत्तराचे पुढे काय झाले ते या लेखात सांगणारच आहे. ते सांगायची लाज वाटते, म्हणूनच सांगितले पाहिजे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. विमान कोणत्या जातीचे आणायचे, किती वर्षे ठेवायचे आणि केव्हा परत धाडायचे हे विमान कंपनी ठरवते. त्या निर्णयाची किंमत मात्र वैमानिकाच्या घरची जमीन मोजते. हा व्यवहार न्यायाचा नाही. आणि तो निमूटपणे चालू देण्यात आपण शिक्षक आणि पालकही भागीदार आहोत.

मी मराठीचा एम.ए. यंत्राचा आणि माझा संबंध सायकलच्या चेनपुरता. तेव्हा विमानाची ही ‘जात’ म्हणजे काय, ते मला जसे समजले तसेच सांगतो. लॉरीचे लायसन्स असलेला ड्रायव्हर आज टाटाची गाडी चालवतो, उद्या लेलँडची. विमानाचे तसे नाही. दोनशे तास उड्डाण करून, परीक्षा देऊन व्यावसायिक वैमानिकाचे लायसन्स मिळते, तेव्हा घरचे साधारण पन्नास लाख खर्ची पडलेले असतात. पण एवढ्याने कोणी प्रवासी विमानात बसू देत नाही. एअरबस ए-३२० चालवायचे तर तिचे वेगळे शिक्षण, बोइंग ७३७ चालवायचे तर तिचे वेगळे, पंख्यांची एटीआर चालवायची तर तिचे वेगळे. यालाच टाइप रेटिंग म्हणतात. त्याचे पुन्हा दहा-पंधरा लाख आणि कधी त्याहून अधिक. बरे, हे शिक्षण एकदा घेतले की जन्माचे झाले असेही नाही. ठरावीक महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा देऊन ते जिवंत ठेवावे लागते. हातात विमान नसेल तर त्याचाही खर्च स्वतःच्या खिशातून.

आम्हा शिक्षकांच्या भाषेत सांगायचे तर असे समजा, की संस्थेने पाठ्यपुस्तक बदलले आणि त्याच दिवशी तुमचे बी.एड. रद्द झाले. नवे बी.एड. पंधरा लाखांत मिळेल, तेही तुम्हीच भरायचे. नाहीतर संस्था त्या पुस्तकाचे बी.एड. असलेला माणूस बाहेरून आणील. असे झाले असते तर आमच्या संघटनांनी मोर्चे काढून जिल्हा परिषदेचा रस्ता अडवला असता. वैमानिकाच्या बाबतीत मात्र आपण म्हणतो, “अहो, लाखांनी पगार घेतात ते!”

हे पूर्वीपासूनच असे होते काय? हैदराबादचाच इतिहास पाहावा. १९४५ साली निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतून डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. तिचे ठाणे बेगमपेठेत. भारतातली पहिली व्यावसायिक महिला वैमानिक प्रेम माथुर यांना नोकरी दिली ती याच कंपनीने. डेक्कनची विमाने डाकोटा, आणि देशातल्या इतर बहुतेक कंपन्यांचीही मुख्य विमाने डाकोटाच. महायुद्ध संपल्यावर ती स्वस्तात मिळाली होती. पुढे १९५३ मध्ये अशा आठ कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स जन्माला आली. मालक बदलला, गणवेश बदलला, पण विमान तेच राहिले. काल डेक्कनची डाकोटा उडवणाऱ्याने आज सरकारची डाकोटा उडवली. विद्या बुडाली नाही.

नंतर व्हायकाउंट आले, फोकर आले, ॲव्हरो आले, बोइंग आले, १९८९ मध्ये ए-३२० आले. म्हणजे विमाने तेव्हाही बदलतच होती. पण इंडियन एअरलाइन्सने हैदराबादेतच, फिरोजगुड्याला, आपले केंद्रीय प्रशिक्षण केंद्र चालवले होते. नव्या जातीचे विमान आले की कंपनी आपल्याच वैमानिकाला तिथे सिम्युलेटरवर बसवी, शिकवी आणि शिकण्याच्या काळातला पगारही देई. वैमानिकाच्या बापाला त्यासाठी सात-बारा काढावा लागत नसे.

ती व्यवस्था सोन्याची होती असे म्हणायचा भोळेपणा मी करणार नाही. १९९१ ते ९३ या काळात मी उस्मानियात एम.ए. करत होतो. काचीगुड्याला खोली, सुलतान बाजारच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात संध्याकाळ, आणि गावाहून येणाऱ्या मनीऑर्डरची वाट पाहणे, हा आमचा संसार. डिसेंबर १९९२ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप झाला. नव्याने निघालेल्या खाजगी कंपन्या जास्त पगार देऊन माणसे ओढू लागल्या होत्या, त्याचीही धग त्यामागे होती. सेवा चालू ठेवण्यासाठी उझबेकिस्तानातून तुपोलेव्ह-१५४ विमाने त्यांच्या वैमानिकांसकट भाड्याने आणली गेली. ९ जानेवारी १९९३ रोजी त्यांतले एक विमान आमच्या हैदराबादेहून दिल्लीला निघाले आणि दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटून पेटले. आत १६५ माणसे होती. एकही दगावले नाही, ही देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये वर्तमानपत्र हातोहात फिरत होते. त्या दिवशी जे समजले ते अजून विसरलो नाही. विमान भाड्याने मिळते, माणूसही मिळतो, पण आपला शिकवलेला माणूस बाजारात मिळत नाही. तो घडवावा लागतो.

आता गेल्या पंधरा वर्षांतले हैदराबादचे आकाश पाहा. २०११ मध्ये स्पाइसजेटने क्यू-४०० ही पंख्यांची विमाने आणून हैदराबाद हे त्यांचे ठाणे केले. २०१३ मध्ये विजयवाड्याची एअर कोस्टा निघाली, तिने एम्ब्रेअर जेट आणली. २०१५ मध्ये हैदराबादची ट्रूजेट निघाली, तिने एटीआर ७२ घेतली. डिसेंबर २०१७ मध्ये इंडिगोनेही एटीआर घेऊन हैदराबादेहून छोटी गावे जोडायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१७ मध्ये एअर कोस्टा बंद पडली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेट थांबली.

एअर कोस्टा बंद पडली त्या दिवशी देशातल्या दुसऱ्या कोणत्याही नियमित प्रवासी कंपनीकडे त्या कुळातले विमान नव्हते. ज्यांनी एम्ब्रेअरचे शिक्षण घेतले होते त्यांनी ते कोणत्या दारात नेऊन दाखवायचे? त्याच कुळातले एम्ब्रेअर १७५ भारतात पुन्हा आले ते २०२३ मध्ये, स्टार एअरकडे. सहा वर्षांनी. सहा वर्षांत आमच्या शाळेत पाचवीत आलेले पोर दहावी देऊन बाहेर पडते. तेवढा काळ एखाद्याने हातातली विद्या कशी जिवंत ठेवावी?

आणि आपले नांदेड! २७ एप्रिल २०१७ हा दिवस आमच्या जिल्ह्यातला कोणीही विसरणार नाही. ‘उडान’ योजनेतले हैदराबाद-नांदेड विमान त्या दिवशी सुरू झाले, पंतप्रधानांच्या हस्ते. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांची मर्यादा. गुरुद्वाऱ्याला येणारे भाविक आले, इथले व्यापारी गेले, आमच्या शाळेतल्या दोन शिक्षिकाही हौसेने जाऊन आल्या. ते विमान एटीआर होते. पाच वर्षांच्या आत ती कंपनीच थांबली. पुढे २०२४ मध्ये नांदेडला स्टार एअर आली, एम्ब्रेअर घेऊन. प्रवाशाच्या दृष्टीने गेले ते आले, आनंदच आहे. पण वैमानिकाच्या दृष्टीने पाहा. धावपट्टी तीच, गोदावरी तीच, उन्हाळ्यातली तीच वावटळ. जो माणूस याच धावपट्टीवर शेकडो वेळा उतरला, त्याला त्याच धावपट्टीवरच्या नव्या विमानाच्या पुढच्या खोलीत बसायचा अधिकार नाही. का, तर जात वेगळी! आमच्या मराठवाड्याला हा शब्द नवा नाही, आणि त्याचा जाचही नवा नाही.

आता माझ्या विद्यार्थ्याविषयी. नाव सांगत नाही. ज्या कंपन्यांशी, संस्थांशी त्याचा संबंध आला त्यांचीही नावे सांगणार नाही. भांडण एका कंपनीशी नाही, रीतीशी आहे. एवढेच सांगतो की तो ज्या कंपनीत होता ती हैदराबादची नव्हती.

वडिलांनी माझ्या सल्ल्याने तीन एकर काळी जमीन विकली. उरलेल्यावर बँकेचे कर्ज. मुलाने चांगल्या गुणांनी परीक्षा दिल्या, २०१३ मध्ये लायसन्स हातात आले. आम्ही शाळेत त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि माझे भाषण. पण २०१२ मध्ये किंगफिशर बसली होती आणि तिचे अनुभवी वैमानिक बाजारात उभे होते. नव्या पोराला कोण विचारतो? मग कोणीतरी सांगितले, ए-३२० चे रेटिंग घे, देशात तीच विमाने जास्त. पुन्हा कर्ज, आणि गावातले राहते घर सोडून बाकी सगळे गहाण. रेटिंग झाले, नोकरी नाही. जाहिराती निघत त्यांत त्या जातीवर अमुक तास उड्डाण केल्याची अट. ज्याला कोणी उडवूच दिले नाही त्याचे तास कुठून येणार? पाण्यात पाय टाकू द्यायचा नाही आणि वर विचारायचे, पोहता येते का!

चार वर्षांनी एका छोट्या कंपनीत को-पायलट म्हणून घेतले. पण विमान पंख्यांचे. म्हणजे ए-३२० चे शिक्षण पेटीत आणि नव्या जातीचे शिक्षण पुन्हा स्वतःच्या पैशाने, वर काही वर्षे सोडून न जाण्याचा करार. त्याने तेही केले. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन तो शाळेत आला तेव्हा मला वाटले, चला, आपला शब्द खरा झाला. पुढे कंपनीने भाडेपट्ट्याची ती विमाने परत केली आणि दुसऱ्या जातीची आणली. नव्यासाठी बाहेरचे अनुभवी वैमानिक घेतले. जुन्यांतल्या काही कॅप्टनांची सोय झाली, को-पायलटांना ‘कळवू’ म्हणून सांगितले. अजून कळवतच आहेत.

आज तो अमीरपेठेतल्या एका क्लासमध्ये पोरांना हवामानशास्त्र आणि दिशादर्शन शिकवतो. उत्तम शिकवतो, म्हणे. मागच्या वर्षी भेटला तेव्हा तो हसत म्हणाला, “सर, शेवटी तुमच्याच धंद्यात आलो.” मला हसू आले नाही. त्याचे वडील आता स्वतःच्याच विकलेल्या रानात बटईने राबतात. रस्त्यात दिसले तरी ते मला दोष देत नाहीत. नमस्कार करतात. तो नमस्कार मला झेपत नाही.

“पण वैमानिकांचा तर तुटवडा आहे!” असे कोणी म्हणेल. डिसेंबर २०२५ मध्ये तो सगळ्या देशाने पाहिला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्री विमान उतरवण्याच्या संख्येला मर्यादा पडली. देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीला, इंडिगोला, पुरेशी माणसे लावता आली नाहीत, आणि एकेका दिवशी शेकडो, एका दिवशी तर हजारावर उड्डाणे रद्द झाली. शमशाबादच्या विमानतळावर लोक सामानाच्या पेट्यांवर झोपले. तुटवडा दिसला की नाही?

दिसला. पण कशाचा, ते नीट पाहावे. नियम अचानक आभाळातून पडले नव्हते, ते कधीपासून जाहीर होते. तुटवडा होता तो त्या त्या जातीच्या विमानावर तयार असलेल्या माणसांचा, आणि त्याहून अधिक कॅप्टनांचा. कोरे लायसन्स घेऊन दारात उभ्या असलेल्या पोरांचा तुटवडा या देशात नाही. एकट्या २०२३ साली १,६२२ व्यावसायिक लायसन्से दिली गेली. आंब्याच्या कोयी पोत्याने असल्या तरी आमराईचा दुष्काळ असू शकतो. मधली वर्षे, मधले पाणी, मधली राखण कोणी करायची, हा खरा प्रश्न आहे. पुस्तिकेतला तीस हजारांचा आकडा पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा आहे, आणि तो या मधल्या वर्षांबद्दल चकार शब्द काढत नाही.

मान्य करायचे ते करू. विमान कंपनी धर्मशाळा नव्हे. तोट्याचे विमान उडवत बसा असे कोणी सांगू शकत नाही. छोट्या मार्गावर छोटे विमान लागते, मोठ्या मार्गावर मोठे. इंजिने बिघडतात, भाडेपट्टे संपतात, डॉलर चढतो. विमाने बदलणारच. शिवाय कोणी कोणाला जबरदस्तीने पायलट करत नाही, आणि ज्याचे जमले त्याचा पगार हेडमास्तरच्या कित्येक पट असतो हेही खरे. काही वेळा तर जात एक असल्याने माणूस तरलाही आहे. २०२३ मध्ये गो फर्स्ट बसली तेव्हा तिची विमाने ए-३२० होती. तिच्या वैमानिकांना निदान ठोठवायला इतर दारे होती. पण हेच उदाहरण माझी बाजू मांडते. कोण तरले आणि कोण बुडाले हे माणसाच्या गुणावर ठरले नाही, कंपनीने कोणते विमान घेतले होते त्यावर ठरले.

आणि कंपन्यांना जेव्हा स्वतःचे नुकसान दिसते तेव्हा त्या काय करतात? २०१७ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम केला, की नोकरी सोडायची तर कॅप्टनने एक वर्ष आणि को-पायलटने सहा महिने आधी सूचना द्यावी. कारण काय सांगितले, तर वैमानिक अचानक गेला की प्रवाशांचे हाल होतात, आणि वैमानिक तयार करायला वेळ व पैसा लागतो. २०२३ मध्ये अकासा एअरचे चाळीसच्या वर वैमानिक मुदत न पाळता गेले, तेव्हा कंपनी थेट न्यायालयात गेली. ठीक आहे. कंपनीचा वेळ आणि पैसा मोलाचा आहे, मान्य. मग माझा साधा प्रश्न. वैमानिकाने वर्षभर आधी सांगायचे, तर कंपनीने विमानाची जात बदलताना किती आधी सांगायचे? आपल्या वैमानिकाला नव्या जातीचे शिक्षण देण्याचे बंधन तिच्यावर का नसावे? एका पारड्यात कायदा आणि दुसऱ्या पारड्यात नशीब, ही कोणती तराजू?

‘उडान’च्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. तिथे कंपनी केवळ स्वतःच्या पैशावर उडत नाही. रिकाम्या जागांची तूट भरून काढायला तिला सरकारी मदत मिळते. त्यासाठीचा निधी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार बसवून उभा केला जातो, म्हणजे शेवटी प्रवाशांच्याच खिशातून. ही मदत साधारण तीन वर्षांची. तीन वर्षे झाली की कंपनी हिशेब करते आणि परवडले नाही तर मार्ग सोडते. पण त्या मार्गाच्या भरवशावर ज्याने कर्ज काढले त्याचे हप्ते दहा-बारा वर्षांचे असतात. कंपनीची तूट भरायला निधी आहे, वैमानिकाची भरायला बापाचे रान आहे.

म्हणून मागण्या सरळ मांडतो. एक, सरकारी मदतीवर उडणाऱ्या कंपनीने टाइप रेटिंगचा खर्च उमेदवाराकडून घेऊ नये. हवा तर वाजवी करार करावा. दोन, अशा कंपनीने विमानाची जात बदलली तर आधीच्या वैमानिकांना नव्या जातीवर शिकवण्याचा पहिला हक्क द्यावा, आणि कंपनी बंदच पडली तर त्याच निधीतून त्यांच्या रूपांतर-शिक्षणाला हातभार लावावा. तीन, प्रत्येक उड्डाण-शाळेने आणि क्लासने दरवर्षी छापून सांगावे की आपल्याकडून किती जण बाहेर पडले, दोन वर्षांत किती जणांना नोकरी लागली आणि कोणत्या जातीच्या विमानावर. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल गावच्या पारावर चर्चिला जातो. पन्नास लाख घेणाऱ्यांचा निकाल झाकलेला का?

या मागण्या मान्य होईपर्यंत सीमेवरच्या माझ्या बंधु-भगिनींनी काय करावे? पोरांचे पंख छाटू नयेत, हे आधी सांगतो. शेतकऱ्याच्या पोराने विमान उडवू नये असे ज्यांना वाटते त्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. पण क्रम सांभाळावा. पहिली वैद्यकीय तपासणी, तीही पहिल्या वर्गाची. रंग ओळखण्यातला दोष लाखो रुपये भरल्यानंतर कळून काय उपयोग? मग दिशादर्शन, हवामान, नियम, तांत्रिक या लेखी परीक्षा. या घरी अभ्यास करून, जमीन न विकता देता येतात. त्या निघाल्या तर केंद्र सरकारच्या रायबरेलीजवळच्या अकादमीची प्रवेश परीक्षा द्यावी. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे इथेही उड्डाण शिकवतात, तिथे स्वतः जाऊन आधीच्या विद्यार्थ्यांना गाठावे, आणि कार्यालयातल्या गोड माणसावर विसंबू नये. फी एकरकमी भरू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, नोकरीचे पत्र हातात येण्याआधी कोणत्याही जातीच्या विमानाचे रेटिंग स्वतःच्या पैशाने घेऊ नये. उद्या कोणते विमान येईल हे कंपनीलाही नेमके माहीत नसते, तिथे आपण आंधळी कोशिंबीर का खेळावी?

त्या दिवशी मी त्या पालकांना हेच सारे सांगितले. ते बराच वेळ पुस्तिकेकडे पाहत बसले. मग म्हणाले, “मंजे इकू नको म्हणता?”

मी म्हणालो, “पोराला हैदराबादला पाठवा. पण आधी अमीरपेठेत माझा एक विद्यार्थी आहे, त्याच्याकडे. फी तो घेणार नाही. हवामानाचा पेपर त्याच्याकडून शिकू द्या, आणि बाकीचेही तोच सांगेल.”

मुलगा जुलैत गेला. वैद्यकीय तपासणी निभावली आहे, दोन पेपर दिले आहेत, निकाल यायचा आहे. जमीन अजून त्यांचीच आहे. दसऱ्याला गेलो तेव्हा तीन एकरांत सोयाबीनची रास लागली होती. वडिलांनी मुठीत दाणे घेऊन माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, “पोरगं पास व्हईल बगा, गुरुजी.” या खेपेस मी छाती फुगवली नाही. “होऊ द्या,” एवढेच म्हणालो.